शेततळ्याची गळती शोधणारा पाणबुडा रोबो : कामाच्या नोंदी

चोपडा तालुक्यात आमच्या नानांचं शेततळं आहे. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, काळी माती म्हणून बाजूंचा उतार दीडास एक. आत ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरलेलं. हिवाळ्यात विहिरीवरून भरायचं आणि एप्रिल-मेमध्ये कांदेबाग (म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या) केळीला ड्रिपने द्यायचं, असा हिशोब. यंदा तळं पाणी धरेना. मी जळगावला स्टार्टर आणि ड्रिप कंट्रोलर दुरुस्त करतो, शनिवार-रविवार गावी असतो. त्या सुट्ट्यांत हे काम झालं. ज्याला असं यंत्र करून बघायचं आहे त्याचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून या नोंदी.

८ फेब्रुवारी २०२५

आधी गळती आहे की नुसतं ऊन पाणी पितंय, ते ठरवायचं होतं. एक बादली पाण्याने भरून पाईपला अशी टांगली की बादलीतली पातळी आणि तळ्याची पातळी सारखी. बादलीतून फक्त वाफ जाते, तळ्यातून वाफ अधिक गळती. आठवडाभराचा सरासरी हिशोब: बादली दिवसाला ५ मि.मी. उतरते, तळं २१ मि.मी. फरक १६ मि.मी. पाण्याचा पसारा साधारण ८३० चौरस मीटर, म्हणजे रोज तेरा हजार लिटर जमिनीत. उन्हाळ्यात केळीच्या झाडाला दिवसाला २० लिटर धरले तरी साडेसहाशे झाडांचं पाणी.

पहिला सल्ला आला तो "पोहणारा पोरगा उतरवा" असाच. त्याला मी आणि नाना दोघांनी नाही म्हटलं. प्लास्टिकवर शेवाळ बसलं की चांगला पोहणारासुद्धा बाहेर येऊ शकत नाही. पाय टिकत नाही, हाताला धरायला काही नसतं. शेततळ्यात माणसं आणि पोरं बुडतात ती अशीच. या कामाचा पहिला नियम तिथेच ठरला: पाण्यात माणूस उतरणार नाही, यंत्र उतरेल. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडले, फुगवलेली टायरची ट्यूब काठावर ठेवली, आणि एकट्याने काम करायचं नाही असं ठरलं.

१५-१६ फेब्रुवारी

यंत्राचा डबा. ११० मि.मी. पीव्हीसी पाईपचा तुकडा, एका बाजूला चिकटवलेलं टोपण, दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियमची चकती आणि दोन ओ-रिंग (रबरी कड्या). आत पिक्सहॉक जातीचा कंट्रोलर (मोटरी सांभाळणारा बोर्ड), रास्पबेरी पाय (छोटा संगणक) आणि बॅटरी. सॉफ्टवेअर आर्डुसब, ते फुकट आणि खुलं आहे, आणि पाण्याखालच्या यंत्रासाठीच केलेलं आहे. सहा मोटरी: चार आडव्या, ४५ अंशांत तिरप्या, आणि दोन उभ्या. या मांडणीत यंत्र पुढे-मागे चालतं तसं तोंड न वळवता बाजूलाही सरकतं. ही गोष्ट पुढे फार कामाला आली.

डब्याची गळती पाण्यात टाकून तपासू नका. फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्याकडून व्हॅक्यूम पंप आणि गेज आणलं, डब्यातली हवा ओढली आणि काटा बघत बसलो. काटा हळूहळू परत येत होता. ओ-रिंगा ठीक, टोपण ठीक. हवा येत होती ती वायरीच्या आतून. बाहेरचं रबर ग्लँडमध्ये (वायर डब्यात घ्यायच्या आवळ तोंडात) घट्ट होतं, पण आतल्या तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटीतून हवा सरळ डब्यात. पाण्यात टाकलं असतं तर मोटरीच्या टोकाकडून पाणी त्याच वाटेने कंट्रोलरवर आलं असतं.

उपाय: प्रत्येक वायरीचं एक सें.मी. रबर सोलायचं, उघड्या तारांमध्ये भरपूर झाळ (सोल्डर) जिरवायची म्हणजे फट बंद होते, आणि तो सगळा भाग इपॉक्सीत बुडवायचा. अख्खा रविवार यात गेला. दुसऱ्या दिवशी काटा हलला नाही.

१-२ मार्च

शेतावरच्या सिमेंटच्या हौदात पहिली चाचणी. रिमोटवर सगळं व्यवस्थित. मग पायथनच्या प्रोग्रामने चालवायला घेतलं आणि यंत्र सुरू होताच पूर्ण जोराने तळावर आदळलं. एक पंखा तुटला.

कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. मॅन्युअल कंट्रोलच्या संदेशात पुढे-मागे, डावे-उजवे आणि वळणे यांचे आकडे उणे १००० ते १००० असतात आणि ० म्हणजे स्थिर. खाली-वर मात्र आर्डुसबमध्ये ० ते १००० आहे आणि स्थिर म्हणजे ५००. चारही जागी ० पाठवलं की यंत्र "पूर्ण खाली" समजतं. ५०० केलं आणि प्रश्न मिटला.

त्याच दिवशी दुसरी व्यवस्था केली. प्रोग्राम अडकला किंवा काठापासून यंत्रापर्यंतची केबल तुटली तर तीन सेकंदांत मोटरी बंद पडतील असं सेटिंग, आणि यंत्राचं वजन असं की मोटरी बंद झाल्या की ते आपोआप वर येईल. तळ्यात काही झालं तरी ते काढायला कुणी उतरू नये म्हणून हे आधी करा, बाकी मागाहून.

८-९ मार्च

खोलीचा सेन्सर पाण्याच्या दाबावर चालतो, दोन मि.मी.पर्यंत फरक दाखवतो. वाटलं, रात्रभर तळ्यात ठेवला तर पातळी किती उतरते ते नेमकं कळेल. सकाळी आकडे काढले तर दुपारी चारपासून रात्री दहापर्यंत तळ्यात दोन-अडीच सें.मी. पाणी वाढलेलं! विहिरीची मोटर बंद होती, त्या आठवड्यात थ्री फेज वीज दिवसाची होती.

सेन्सर बरोबरच होता. तो पाणी आणि वरची हवा दोघांचा मिळून दाब मोजतो, आणि आपल्याकडे हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो-उतरतो: सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारला कमी, रात्री पुन्हा जास्त. फरक तीन-चार मिलिबारचा, आणि एक मिलिबार म्हणजे एक सें.मी. पाणी. आपली गळती दिवसाला दीड सें.मी., त्यामुळे ती यात बुडून गेली. काठावर सावलीत हवेचा दाब मोजणारा छोटा सेन्सर ठेवून तो आकडा वजा केला, मग रेघ सरळ आली. यंत्र चालवताना सोपा मार्ग: प्रत्येक बुडीच्या आधी पाण्याच्या पृष्ठभागावर खोली शून्य करायची. सकाळचं शून्य दुपारी वापरायचं नाही.

१५-१६ मार्च

खोली धरून ठेवणं. "दीड मीटरवर थांब" म्हटलं की यंत्र वर-खाली हेलकावत होतं. पीआयडीचे (चूक बघून मोटरींचा जोर कमी-जास्त करणाऱ्या गणिताचे) आकडे बदलत बराच वेळ गेला. खरा दोष वजनाचा होता. यंत्र जवळजवळ २०० ग्रॅमने हलकं होतं, त्यामुळे उभ्या मोटरी सतत खाली दाबत होत्या आणि त्यात दुरुस्तीला जागाच उरत नव्हती. सांगाड्याला खाली शिशाचे तुकडे बांधून हलकेपणा ५० ग्रॅमवर आणला आणि मूळचेच आकडे चालले. तरंगण्यासाठी थर्मोकोल बांधला होता, तो काही तासांत पाणी पितो आणि सकाळचं वजन दुपारी राहत नाही. त्याजागी दोन्ही बाजूंनी बंद केलेले बारीक पीव्हीसीचे तुकडे लावले.

दुपारी दुसरीच अडचण. पाण्यात यंत्र थंड असतं, पण काठावर बॅटरी बदलताना उन्हात ठेवलं की पीव्हीसीच्या डब्यातली उष्णता बाहेर जात नाही. रास्पबेरी पाय ८० अंशांवर गेला की आपला वेग कमी करतो आणि प्रोग्राम अडखळतो. आता काठावर असताना यंत्र ओल्या पोत्याखाली असतं, आणि रास्पबेरी पाय आतून अॅल्युमिनियमच्या चकतीला टेकवला आहे.

२२-२३ मार्च

होकायंत्र. कंट्रोलरच्या आतलं होकायंत्र मोटरींच्या वायरींजवळ, त्यामुळे जोर दिला की दिशा दहा-बारा अंश फिरायची. वेगळं होकायंत्र लहान नळीत घालून २० सें.मी. वर काठीवर बसवलं. फरक दोन-तीन अंशांवर आला. पूर्वेच्या काठावर विहिरीवरून आलेला लोखंडी पाईप आहे. त्याच्या दीड मीटरच्या आत अजूनही भरवसा नाही. तेवढ्या पट्ट्यात जायरोवर (वळण मोजणाऱ्या सेन्सरवर) चालवायचं असं ठरवलं.

२९ मार्च

उतारापासूनचं अंतर. बाजारात हजाराच्या आत मिळणारा, गाडीच्या मागे लावतात तसला "वॉटरप्रूफ" अल्ट्रासोनिक सेन्सर पाण्याखाली बसवून बघितला. आकडे निव्वळ निरर्थक. तो पाण्याचे शिंतोडे सहन करतो, पण त्याचा आवाज हवेसाठी जुळवलेला असतो. शिवाय हवेत तो २० ते २५ सें.मी.च्या आत आंधळा असतो. पाण्यात आवाज चौपटीहून जास्त वेगाने, सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास पळतो, त्यामुळे तीच आंधळी पट्टी मीटरभर होते. आम्हाला तर अर्ध्या मीटरवरून बघायचं होतं.

शेवटी पाण्याखालचा खरा सोनार (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारं साधन) मागवला. जकातीसह ४६ हजार. बाकी सगळं सामान मिळून जवळपास तेवढंच, तेव्हा हा खर्च जड आहे. पण यात काटकसर होत नाही. नानांना विचारलं तर ते म्हणाले, "एका हंगामाचं पाणी गेलं तर त्याहून जास्त जाईल, घे तू."

सोनार कसा बसवायचा हेही लिहून ठेवतो. सरळ खाली लावला तर ओल्या, गुळगुळीत प्लास्टिकवरून आवाज भलतीकडेच परावर्तित होतो आणि परत येत नाही. उतारावर काटकोनात पडला पाहिजे. दीडास एक उतार म्हणजे ३४ अंश, म्हणून सरळ खालच्या दिशेपासून उजवीकडे ३४ अंश कलवून लावला. कॅमेराही त्याच कोनात, सोनारला चिकटून. एकास एक उतार असेल तर ४५ अंश घ्या.

५-६ एप्रिल

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा बदल याच दोन दिवसांत झाला, म्हणून सविस्तर.

मार्ग आधी सगळ्यांना सुचतो तोच आखला होता. शेत नांगरावं तसे उभे तास, म्हणजे नांगराच्या ओळी: एका काठावरून निघायचं, समोरच्या काठापर्यंत जायचं, थोडं सरकून परत. कागदावर सगळं तळं झाकलं जातं. पाण्यात दोन गोष्टी बिघडल्या. एक, पाण्याखाली जीपीएस चालत नाही, रेडिओलहरी वीतभर खालीच मरतात. मग दिशा आणि वेळ यांवरच हिशोब. तळावरचा एक तास २१ मीटरचा. होकायंत्र दोन अंशांनी चुकलं की शेवटी ७३ सें.मी. फरक पडतो. आमच्या तासांतलं अंतरच त्याहून कमी. म्हणजे एक पट्टा दोनदा बघितला जातो आणि शेजारचा सुटतो, आणि कोणता सुटला ते कळतही नाही. दोन, प्रत्येक तासात यंत्र एक उतार उतरतं, तळावर चालतं, दुसरा उतार चढतं. खोली सतत बदलते, उतारापासूनचं अंतर सतत बदलतं.

समुद्रातली मोठी यंत्रं यावर डॉपलर लॉग नावाचं साधन वापरतात, ते तळाच्या मानाने वेग मोजतं. त्याची किंमत लाखांत. तो रस्ता बंदच होता.

मग उलट बाजूने विचार केला. माझ्याकडे सगळ्यात विश्वासाचा आकडा कोणता? खोलीचा. दोन मि.मी. फरक दाखवतो, दर बुडीला शून्य केला की भटकत नाही. दुसरा विश्वासाचा, उतारापासूनचं अंतर. दिशा तिसरी, आणि पुढे किती गेलो हे सगळ्यात कच्चं. तर मार्ग असा पाहिजे की पहिल्या दोन आकड्यांवर तो उभा राहील आणि कच्च्या आकड्यावर कमीत कमी भार येईल. म्हणजे समान खोलीवरून तळ्याच्या आतल्या आत फेऱ्या. उजव्या हाताला उतार, कोपऱ्यात डावीकडे वळण, चार बाजू झाल्या की थोडं खाली उतरून पुढची फेरी. यात दोन फेऱ्यांमधलं अंतर खोलीवरूनच ठरतं, त्यामुळे पट्टा सुटत नाही. दिशा थोडी चुकली तरी सोनार बाजूने ओढून आणतो.

ओढण्याचं गणितही सांगतो. खोली कायम ठेवून बाजूला सरकलं की उतारापासूनचं काटकोनी अंतर तेवढंच बदलत नाही, १० सें.मी. फरक भरून काढायला १८ सें.मी. सरकावं लागतं. हे न धरता आकडे लावले तर यंत्र आळसल्यासारखं वागतं.

राहिलं ते पुढे किती गेलो. त्यासाठी प्लास्टिकचे वेल्डिंगचे जोड कामाला आले. आमच्या तळ्यात दोन जोडांत पावणेचार मीटर, काठावरच्या कोरड्या भागात टेप लावून मोजले आणि पेंटने आकडे टाकले. कॅमेऱ्यात जोड आडवा आला की मोजणी एकने पुढे. पण हे उत्तर आणि दक्षिण बाजूलाच जमलं. प्लास्टिकचे पट्टे उत्तर-दक्षिण अंथरलेले, त्यामुळे पूर्व-पश्चिम उतारांवर जोड वरून खाली येत नाहीत, काठाला समांतर जातात. तिकडे दर तीन मीटरवर रंगीत चिंध्या बांधलेले नायलॉनचे दोर सोडले, खाली वाळू भरलेली प्लास्टिकची बाटली. बाटली गुळगुळीतच हवी, दगड बांधला तर प्लास्टिक फाटेल. सोनार आकड्याबरोबर त्याची खात्री किती तेही सांगतो; कोपऱ्याजवळ त्याच्या झोतात समोरचा उतारही येतो आणि ती खात्री एकदम घसरते. तोच वळणाचा इशारा, आणि तिथे पुढचा हिशोब पुन्हा शून्यापासून.

शेजारचे जिभाऊ बांधावर येऊन दोर मोजायला लागले, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" म्हणत. त्यांच्याही तळ्याची हीच तक्रार. त्यांनी पश्चिमेचे सगळे दोर स्वतः बांधून दिले.

१२-१३ एप्रिल

फेऱ्या झाल्या, व्हिडिओ बघितला, आणि प्रत्येक दोन फेऱ्यांमध्ये पट्टी सुटलेली. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात उभा कोन ४९ अंश आहे, त्यावरून ५० सें.मी. अंतरावर ४५ सें.मी. उंचीचा भाग दिसायला हवा होता. म्हणून फेऱ्या उतारावर ३५ सें.मी.वर ठेवल्या होत्या. पण सपाट काचेतून पाण्यात बघताना प्रकाश वाकतो आणि कोन लहान होतो. प्रत्यक्षात ३३ सें.मी.च दिसतात. पाण्याखाली पट्टी धरून मोजलं तेव्हा खात्री झाली. फेऱ्या २५ सें.मी.वर आणल्या, खोलीच्या भाषेत दर फेरीला १४ सें.मी. खाली.

दुसरं: यंत्र उतारापासून ५० सें.मी. दूर असतं, म्हणून ते जिथे बघतं तो भाग त्याच्यापेक्षा ४२ सें.मी. खोल असतो. म्हणजे पाण्याच्या रेषेखालचा ४२ सें.मी.चा भाग त्याला दिसूच शकत नाही. उतारावर हा पाऊण मीटरचा पट्टा होतो. कुत्र्यांच्या नखांनी, शेळ्यांच्या खुरांनी आणि उन्हाने सगळ्यात जास्त मार खाणारा पट्टा हाच. तो काठीला फोन बांधून काठावरून, कमरेला दोर लावून बघितला. तिथे काही नव्हतं.

तिसरं, थोडक्यात: केबल एका दोराच्या बाटलीत अडकली. यंत्र वळायचा प्रयत्न करत राहिलं, पीआयडीतला साठत जाणारा भाग फुगत गेला, आणि केबल सुटताच यंत्राने तीन गिरक्या घेतल्या. त्या भागाला वरची मर्यादा कमी केली, आणि "जोर आहे पण दिशा बदलत नाही" असं पाच सेकंद दिसलं तर थांबून थोडं मागे येण्याची सूचना घातली. केबल साधी कॅट-६ (नेटवर्कची), तिला दर मीटरला फोमचे तुकडे.

१९-२० एप्रिल

पहाटे साडेपाचला सुरुवात. वारा नाही, ऊन नाही, पाणी स्वच्छ. विहिरीतून भर टाकून पातळी तळापासून २.४ मीटरवर धरली होती. सेकंदाला २० सें.मी. वेग, एका फेरीला आठ-नऊ मिनिटं. मध्ये एकदा बॅटरी बदलली. पूर्वेच्या पाईपजवळ थोडं डगमगलं, सोनारने सांभाळलं.

सापडली ती पश्चिम उतारावर. पाण्याखाली १.१ मीटरवर काठाला समांतर जाणारा जोड आहे. त्याच्यावर शेवाळाचा सारखा हिरवा थर, आणि तिसऱ्या दोराच्या पुढे एका जागी चार बोटं लांबीची स्वच्छ काळी पट्टी. यंत्र तिथे थांबवलं. पाण्यात तरंगणारा बारीक कचरा त्या पट्टीकडे आधी सावकाश, मग एकदम वेगाने जात होता आणि नाहीसा होत होता. नाना माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत होते. त्यांनी काही न बोलता खिशातून पेन काढलं आणि दोराचा आकडा हातावर लिहून घेतला.

खात्रीसाठी यंत्राला बारीक नळी बांधून विहिरीत टाकतो त्या पोटॅशियम परमँगनेटचं पाणी इंजेक्शनच्या सिरिंजने सोडलं. जांभळा धागा सरळ फटीत गेला. मग तो समांतर जोड दोन्ही उतारांवर पूर्ण तपासला. आता माझं मत असं, की पट्टे कोणत्या दिशेने अंथरलेत ते बघून समांतर जोडाच्या खोलीवरची फेरी सगळ्यात आधी करा. पाण्याच्या वजनाचा ताण त्याच जोडावर आडवा येतो.

नानांनी त्याच दिवसापासून विहिरीची भर बंद केली आणि पाच हजार झाडांचं ड्रिप तळ्यावर लावलं. रोज नव्वद हजार लिटर. दुरुस्तीला जागा कोरडी लागते, आणि पाणी वाया न घालवता पातळी उतरवायचा हाच मार्ग होता.

३० एप्रिल

आखाजी (अक्षय्य तृतीया). बहिणी आलेल्या, काम नाही.

३ मे

पातळी तळापासून १.१ मीटरवर, फट उघडी पडली. वेल्डिंगवाल्याने वर शिडी आडवी टाकून, दोर लावून, गरम हवेच्या बंदुकीने ठिगळ मारलं. शेवाळ आधी घासून, पुसून, पूर्ण वाळू दिलं. ओल्यावर ठिगळ धरत नाही. खर्च १,२०० रुपये.

पण बादली पुन्हा टांगून ठेवलीच होती. ड्रिप बंद असतानाच्या तीन दिवसांचा सरासरी हिशोब: बादली दिवसाला ११ मि.मी., तळं १४ मि.मी. पातळी ठिगळाच्या खाली आहे, तेव्हा हे ३ मि.मी. त्या फटीचे नाहीत. आणखी एक भोक आहे आणि ते याहून खाली आहे. रोज अठराशे लिटर.

४ मे

तळ. इथे फेऱ्यांचा उपयोग नाही, तास मारावेच लागतात. पण तळावरचे जोड उत्तर-दक्षिण सरळ जातात, त्यामुळे होकायंत्रावर न जाता कॅमेऱ्यात जोडाची रेघ मध्यभागी धरून चालवलं. कॅमेरा आणि सोनार यासाठी सरळ खाली वळवले.

गाळ उडू न देणं हे तळावरचं मुख्य काम. यंत्र पाण्यापेक्षा जड असेल तर उभ्या मोटरी पाणी खाली ढकलतात आणि सगळं गढूळ होतं. ५० ग्रॅम हलकं ठेवलेलं असल्यामुळे मोटरी पाणी वर फेकून यंत्र खाली दाबत होत्या, तळाला धक्का लागला नाही. उंची ६० सें.मी.

चौथ्या जोडापासून हातभर अंतरावर, उत्तर काठाच्या तळापासून साडेसहा मीटरवर, प्लास्टिकखाली टेंगूळ आणि त्यावर करंगळीच्या नखाएवढी दोन भोकं. परमँगनेटचं पाणी दोन्हींत गेलं. खाली दगड राहिलेला आहे. ही जागा कोरडी करायची तर तळं पूर्ण रिकामं व्हावं लागेल, आणि आत्ता केळीला ते पाणी हवं आहे. जूनमध्ये तळं आटेल तेव्हा प्लास्टिक कापून दगड काढायचा, खाली मऊ माती दाबायची आणि मग ठिगळ. तोपर्यंत रोजचे अठराशे लिटर जातील. जागेचं माप नानांच्या वहीत आणि पाईपवर पेंटने, दोन्हीकडे लिहिलं आहे. पुढच्या शनिवारी यंत्र जिभाऊंच्या तळ्यावर; त्यांचा उतार एकास एक आहे, म्हणून सोनार-कॅमेऱ्याची पट्टी ४५ अंशांची नवी कापून घेतली.